शेजाऱ्यांच्या कुत्र्यांनी परड्यात शिरून 11 कोंबड्या मारल्या, आता काय करू?

परड्यातली – ता. गडहिंग्लज

नमस्कार. इथं बरेच दिवस वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही सल्ला देता यायचा नाही.

आमचं घर गावाच्या कडेला आहे. मागं सहा-सात गुंठ्यांचं परडं, परड्याला लागून ओढा, ओढ्यापलीकडं ऊस. 2019 साली आईनं माहेराहून आठ तलंगा (अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) दिल्या, तिथून सुरुवात. गेल्या आठवड्यापर्यंत 34 पक्षी झाले होते. 3 कोंबडे, अंड्यावरच्या 22 कोंबड्या, बाकी तलंगा. बहुतेक गावठी, सहा कावेरी या सुधारित जातीच्या. दिवसाला 10-12 अंडी निघतात आणि 12 रुपयांप्रमाणं दारातच खपतात. महिन्याला साडेतीन-चार हजार सुटतात. मोठी मुलगी कोल्हापूरला शिकते, तिच्या मेसचे पैसे यातूनच जातात. घरच्या कुणाकडं हात पसरावा लागत नाही, म्हणून या पैशाचं मोल मला जास्त.

गेल्या गुरुवारी नेहमीसारखं साडेपाचला खुराड्याचं दार काढलं आणि म्हशीची धार काढायला गोठ्यात गेले. कोंबड्या बाहेर पडल्या की दहा मिनिटं नुसता कलकलाट असतो, मला धार काढताना तो ऐकायची सवय आहे. त्या दिवशी कलकलाट वाढला, मग एकदम थांबला. ओरडा वाढला तेव्हा मला काही वाटलं नाही. थांबला तेव्हा मी चरवी तशीच ठेवून पळाले.

दोन कुत्री होती, दोन्ही आमच्या चुलत सासऱ्यांची. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. एक कारवानी, म्हणजे शिकारी जातीचं, उंच, बारीक कमरेचं, आणि एक गावठी तांबडं. कारवानी एक कोंबडी धरायचं, दोनदा झटकायचं, टाकायचं आणि दुसरीमागं लागायचं. खाल्ली एकही नाही. तुळशीच्या कट्ट्यापासून शेणकीपर्यंत पिसं आणि मध्ये मध्ये कोंबड्या. मी हातातलं फडकं मारत ओरडत सुटले तेव्हा दोन्ही ओढ्यातून पळाली. 11 गेल्या. आणखी तिघींना पाठीवर, शेपटीच्या वर दात लागलेत.

एक सांगायचं राहिलं. गोठ्याच्या कोपऱ्यात डालग्याखाली एक खुडूक कोंबडी अंड्यावर बसवली होती. 11 अंडी, त्या दिवशी अठरावा दिवस. डालगं उलथून पडलेलं. बाकीच्या सगळ्या पळताना मेल्या, ही जागची उठली नव्हती, अंड्यांवरच पसरून पडली होती. तिच्याखालची 2 अंडी फुटली, 9 शाबूत होती आणि अजून गरम होती. ती पदरात घेऊन वरच्या आळीतल्या काकूंकडं गेले. त्यांची एक कोंबडी खुडूक होती, तिच्याखाली सरकवली. पुढं काय होतंय बघायचं.

आप्पांकडं गेले. ते म्हणाले, "कुत्र्याची जातच ती. तू कोंडून घालायच्या." त्यांचंही मी समजू शकते. रात्री डुकरं उसात घुसतात, एका रात्रीत गुंठागुंठा लोळवतात, म्हणून ते रात्री कुत्री सोडतात. पण सकाळी बांधत नाहीत, हे मी त्यांना दोनदा तोंडी सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी एक तलंग याच कारवान्यानं नेली होती, तेव्हा काही बोलले नाही.

आमच्या घरात मालकांचं डोकं फिरलंय. ते म्हणतात, मी बंदोबस्त करतो. त्याचा अर्थ मला कळतो आणि तो मला नको आहे. मुक्या जनावराला मारून माझ्या कोंबड्या परत येणार नाहीत. शिवाय माझं ऑपरेशन झालं तेव्हा आप्पांकडच्या काकींनी महिनाभर दोन्ही वेळचा डबा दिलाय. बांधाचा वाद दोन वर्षांपूर्वी कसाबसा मिटलाय, तो परत उकरायचा नाही.

तर मला सांगा, ही कुत्री परत येतील का? परड्याला कसली जाळी घालू, किती उंच? जखमी कोंबड्या वाचतील का? हळद-तेल लावलंय. आणि नुकसान मागता येतं का, की भावकीत हा विषयच काढू नये?

शिवारातला – आटपाडी

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर : येणार. आणि लवकर येणार. कुत्र्याला एकदा कोंबडीमागं पळायची चटक लागली की भूक असो नसो, ते परत येतंच. माझ्याकडं 2021 साली चौथ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच बाजूनं आलं होतं. म्हणून जाळी होईपर्यंत कोंबड्या बाहेर काढू नका. आठ-दहा दिवस खुराड्यातच दाणापाणी द्या. अंडी कमी होतील, होऊ द्या. तशीही घाबरलेली कोंबडी आठवडा-पंधरा दिवस अंडं देत नाही.

आता जाळीचं. मी पहिल्यांदा फसलो ते सांगतो. चेनलिंक घातली, पाच फूट उंच, झकास दिसत होती. कुत्र्यानं वरून उडी मारली नाही, खालून उकरलं. रात्रीत वीतभर खड्डा. माणूस उंचीचा विचार करतो, कुत्रं जमिनीचा करतं.

दुसऱ्यांदा असं केलं. जाळीच्या बाहेरच्या अंगाला दोन फूट रुंदीची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची ताठ चौकोनी जाळी) जमिनीवर आडवी पसरली, उभ्या जाळीला तारेनं बांधली आणि वर चार बोटं माती टाकून दगड ठेवले. कुत्रं उकरायला जाळीच्या बुडाशीच येतं, तिथं त्याच्या पंजाला तार लागते. दोन फूट मागं सरकून उकरायची अक्कल त्याला नसते. पावसाळ्यात त्यावर गवत येतं आणि जाळी जमिनीत बसून जाते. खोल चर खणण्यापेक्षा हे स्वस्त आणि टिकाऊ.

खालच्या दोन फुटांना उभ्या अंगानंही एक इंची वेल्डमेश घ्या. चेनलिंकचे डोळे मोठे असतात, कोंबडी त्यातून मान बाहेर काढते आणि बाहेर कुत्रं असलं तर मानच जाते. पिल्लं तर सरळ बाहेर पडतात. ती षटकोनी पातळ कोंबडी-जाळी भिंत म्हणून वापरू नका. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातानं ओढली की उसवते.

उंची : गावठी कुत्र्याला पाच फूट पुरतात, पण तुमच्याकडं कारवानी आहे. सहा फूट करा. वरचा फूटभर भाग अँगलला ताठ बांधू नका, सैल ठेवा, बाहेर झुकू द्या. पाय टेकायला ताठ कड मिळाली नाही तर ते वर चढत नाही.

आणि दार. सगळी जाळी पक्की करतात आणि दाराखाली चार बोटं फट सोडतात. दाराखाली शहाबादी फरशी बसवा, अख्खी. मला 40 बाय 25 फुटाच्या जागेला मजुरी धरून साडेअकरा हजार आले, अँगल जुने होते. अख्खं परडं बंदिस्त करायच्या भानगडीत पडू नका, त्याला अडीच-तीन पट तरी खर्च येईल.

झटका मशीन कुणी सुचवलं तर चांगलंच आहे, डुकरांसाठी आमच्याकडं सर्रास आहे. पण ते कंपनीचं बॅटरीवालं मशीनच पाहिजे. घरातल्या बोर्डावरून तारेत करंट सोडायचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर त्याला घरातच थांबवा. त्यानं पोरं मेलीत गावागावांत.

रानातला_एकटा

एवढं सगळं कशाला? मटणाच्या तुकड्यात औषध द्यायचं. दोन दिवसांत विषय संपतो. कुणी विचारत नाही.

कोर्टरोड – कराड

वरचा सल्ला कुणीही मनावर घेऊ नका. विषयाला कायदेशीर बाजू आहे, ती नीट सांगतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 325 प्रमाणे कुठल्याही जनावराला मारणं, विष घालणं, लुळं करणं यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मालकीचं कुत्रं असेल तर फिर्यादी घरातच बसलेला असतो. आज ताईंची बाजू शंभर टक्के खरी आहे. विष घातलं की दुसऱ्या दिवशी आरोपी त्यांच्या घरातला माणूस होईल आणि कोंबड्यांचं नाव कुणी काढणार नाही. शिवाय ते मटण दुसऱ्याचं कुत्रं, मांजर, घार काहीही खाईल, आणि ओढ्याकाठी खेळणारं पोर त्याला हात लावेल. ताई, तुमच्या मालकांना हे वाचून दाखवा.

आता तुमचा हक्क. लोक पहिल्यांदा पोलिसांत जातात आणि कलम 291 सांगतात, जनावराबाबत निष्काळजीपणा. पण ते कलम माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला धोका असेल तेव्हाचं आहे. कुत्रं तुमच्यावर किंवा पोरावर धावून आलं असेल तर ते लागतं. नुसत्या कोंबड्या मेल्या तर ठाण्यातून बहुधा अदखलपात्र नोंद घेऊन तुम्हाला दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवतील. आणि कोंडवाड्याचा कायदा, 1871 चा, गुरं-शेळ्या-डुकरांना आहे, त्यात कुत्रं नाही. ग्रामपंचायतीकडं ते कुत्रं कोंडा म्हणून जाऊन उपयोग नाही.

भरपाईचा हक्क मात्र आहे. त्याचा कणा एकच : मालकाला आपल्या कुत्र्याची खोड माहीत होती का? पहिल्या वेळी मालक म्हणू शकतो, मला काय माहीत. तुमच्याकडं हे दुसऱ्यांदा घडलंय, आणि तुम्ही तोंडी सांगितलंही होतं. पण तोंडी सांगितल्याला पुरावा नसतो. म्हणून आजच एका साध्या कागदावर तारीख, वेळ, किती पक्षी मेले, कुणाची कुत्री होती आणि आधी केव्हा तलंग नेली होती एवढं लिहा. शिव्या नकोत, धमकी नको. एक प्रत त्यांना द्या, दुसरीवर पोहोच घ्या. मेलेल्या पक्ष्यांचे, पायांच्या ठशांचे फोटो काढले असतील तर जपा.

लगेच कोर्टात जा असं मी सांगत नाही. गावात तंटामुक्त समिती असेल तर आधी तिथं. जमलं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा, दावा दाखल करण्याआधीच ते दोन्ही बाजूंना बोलावतात. 1987 च्या कायद्याप्रमाणं बाईमाणसाला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे फार थोड्या बायकांना माहीत असतं.

दवाखान्यातला (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक) – नाशिक

मी 31 वर्षं हेच केलं. ताई, आधी तुमच्याबद्दल विचारतो. जखमी कोंबड्या उचलताना तुमच्या हाताला कुठं ओरखडे, चीर होती का? कोंबडीला रेबीज होणं फार विरळा, त्याची भीती नाही. पण कुत्र्याची ओली लाळ त्या पिसांना असते, आणि ती उघड्या जखमेला लागली तर ते अंगावर काढायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं हात धुवायचा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. कुत्र्यांना लस दिलेली आहे का, हेही आप्पांना विचारा. भांडायला म्हणून नको, गरज म्हणून विचारा.

जखमी कोंबड्यांचं सांगतो. हळद ठीक, तेल नको. तेलाला धूळ, पिसं, शेण चिकटतं. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं अर्धा इंच मोकळी करा, उपटू नका. पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी करून धुवा, गडद केलं तर कातडी जळते. मग आयोडीनचं मलम. सकाळ-संध्याकाळ माशी बघा. जखमेत माशीनं अंडी घातली की दोन दिवसांत आळ्या पडतात, आणि कुत्र्याच्या दाताची भोकं वरून लहान, आत खोल असतात.

कातडीखाली फुग्यासारखी हवा भरलेली लागली तर घाबरू नका. कोंबडीच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, त्यातली एखादी फाटलेली असते. थोडी असेल तर आपोआप जिरते, जास्त असेल तर डॉक्टर सुईनं काढतात. 1962 या नंबरवर फोन करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाबद्दल विचारा. प्रतिजैविक स्वतःच्या मनानं देऊ नका, आणि दिलं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी विकू नका.

तिघींना बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. लाल दिसलं की दुसऱ्या कोंबड्या टोचून टोचून मारतात. डालग्यावर पोतं टाकून अंधार करा, गुळाचं पाणी ठेवा. पहिले तीन दिवस काढले की बहुतेक वाचतात. वरून धडधाकट दिसणारी एखादी धसक्यानंही मरते, तिथं आपला इलाज नसतो.

मेलेल्या 11 कोंबड्यांचं काय केलंत? खाल्ल्या नसतील अशी आशा आहे. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकल्या असतील तर कुत्री त्याच वासावर परत येतील. तीन फूट खोल, चुना टाकून पुरा.

आणि मला आलेला एक अनुभव. लोक चोर चुकीचा धरतात. तुमच्या डोळ्यांदेखत कुत्री होती म्हणून प्रश्न नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी : पुष्कळ पक्षी मेलेत, पाठीवर दात आहेत आणि एकही खाल्लेला नाही, ते काम कुत्र्याचं. मान किंवा डोकं तेवढं खाल्लेलं आणि बाकी धड तसंच, तर मुंगूस किंवा रानमांजर. रात्रीत एकच गायब आणि पिसांची एक रेघ कुंपणाबाहेर गेलेली, तर कोल्हा. फक्त पिल्लंच दिवसाढवळ्या कमी होत असतील तर वर बघा, घार असेल.

गडग्यापलीकडे – कुडाळ

आमच्या वाडीत कुत्री कोंबड्यांवर अचानक उठली होती, दोन महिन्यांत सात-आठ घरांतल्या गेल्या. नंतर कळलं की हमरस्त्यावर कोंबडीच्या मांसाचं नवीन दुकान झालेलं आणि रोजची आतडी, पिसं, मुंडकी वहाळात पडायची. कुत्र्यांना तो वास म्हणजे जेवण झाला. ग्रामसभेत विषय काढून खड्डा करायला लावला, त्यानंतर फरक पडला. तुमच्या ओढ्यात कुणी काही टाकतंय का, ते एकदा बघा.

परड्यातली

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मालकांना कोर्टरोड भाऊंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण उठून खुराड्याचं दार तारेनं आवळून आले.

दवाखान्यातले काका, तुम्ही विचारलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. माझ्या डाव्या बोटाला विळ्याची ओली चीर होती आणि त्याच हातानं मी सगळ्या उचलल्या. मी हे कुणाला सांगितलंही नव्हतं. आज सकाळी आरोग्य केंद्रात गेले, पहिली सुई घेतली. मेलेल्या कोंबड्या मालकांनी त्याच दिवशी पुरल्या, पण फूटभरच. आज परत खणून खोल पुरतो म्हणालेत. तिघींपैकी एक काल रात्री गेली.

गडग्यापलीकडे, तुमचं अगदी खरं निघालं. पुलाच्या खाली प्लास्टिकच्या पोत्यांतून टाकतायत. आमच्या घरापासून दीडशे पावलंही नाहीत.

कागद लिहिलाय. पण द्यायला हात उचलत नाही. भावकीत कागद दिला की तो कागद पिढीभर पुरतो.

कारवानीवाला – जत

ताई, मी दुसऱ्या बाजूचा माणूस. माझ्या कारवानी कुत्रीनं शेजारच्या म्हातारीच्या नऊ कोंबड्या मारल्या होत्या. म्हणून आप्पांच्या मनात काय चाललं असेल ते मला ठाऊक आहे. चूक कळलेली असते, पण कुत्रं पोटच्या पोरासारखं असतं आणि कुणी दारात येऊन ओरडलं की तोंडातून "जातच ती" हेच निघतं. मी तेच बोललो होतो, आजही लाज वाटते.

पण ते वाक्य अर्धं खरंही आहे. या कुत्र्यांना मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नाव मिळवून दिलं ते शिकारीसाठीच. ससा उठला की डोळ्यानं टिपायचं आणि पळत जाऊन धरायचं, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेलं रक्त आहे ते. पळणारी कोंबडी त्याच्या लेखी ससाच. मारून, ओरडून, मेलेली कोंबडी गळ्यात बांधून ती खोड जात नाही. गळ्यात कोंबडी बांधायचा प्रकार मीही केला. नुसती घाण झाली, जनावर हाल हाल झालं आणि सोडल्यावर पंधरा दिवसांत परत तेच.

उपयोग कशाचा झाला, तर वेळेचा. आम्ही दोघांनी वेळ वाटून घेतली. कुत्री दिवस मावळल्यावर सुटणार आणि तांबडं फुटायच्या आत साखळीला येणार. कोंबड्या आठ वाजल्याशिवाय बाहेर निघणार नाहीत. उसाची राखण रात्रीचीच असते, तिथं आप्पांचं काही नुकसान नाही. कुत्रं पहाटे बांधायला सापडत नाही ही अडचण असते. त्यावर सोपं आहे : रात्री खायला घालू नका, पहाटे पाचला साखळीपाशी घाला. चार दिवसांत ते स्वतःहून पाचला खुंट्याशी येऊन उभं राहतं. माझी कुत्री तीन वर्षं येते. खच्चीकरण केलं तर नर भटकायचा कमी होतो, तेही सांगा.

कागद हातात देऊन "भरपाई द्या" असं सुरू करू नका. "पाचला बांधता का, मी आठला सोडते" इथून सुरू करा. माणसाला करण्यासारखं काहीतरी दिलं की तो ऐकतो. कागद पिशवीत असू द्या.

परड्यातली

पाच आठवडे झाले. तुम्ही एवढं लिहिलंत, तर पुढं काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

चौथ्या नाही, सहाव्या दिवशी कुत्री परत आली. तेव्हा कोंबड्या खुराड्यातच होत्या. तांबडं निघून गेलं, कारवानी मात्र दाराच्या बुडाशी उकरत बसलं होतं. शिवारातला भाऊ, दाराच्याच बुडाशी. मी मोबाईलवर फोटो काढला आणि तशीच आप्पांकडं गेले. कागद पिशवीत होता.

काकी चुलीपुढं होत्या. मी आप्पांना काही न बोलता फोटो दाखवला. मग जतच्या भाऊंनी सांगितलं तसं म्हणाले, आप्पा, तुम्ही पाचला बांधा, मी आठला सोडते. ते बराच वेळ फोटोकडंच बघत होते. मग म्हणाले, "पाचला सापडत न्हाई त्ये." मी खायला घालायची वेळ बदलायचं सांगितलं. आप्पांच्या आधी काकी बोलल्या, "मी घालीन. मी उठतेच की चारला."

मग मी कागद काढला. आप्पांचा चेहरा उतरला. "आता भावकीत कागद?" म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावल्यासारखं होतं, आणि मला ते रागापेक्षा जड गेलं. मी म्हणाले, आप्पा, ही तक्रार नाही, मला दोनदा तोंडी सांगून झालंय आणि तिसऱ्यांदा माझ्यानं सांगवणार नाही, म्हणून लिहून ठेवलंय. काकींनी तो घेतला आणि डब्याखाली ठेवला. पोहोच मी मागितली नाही. कोर्टरोड भाऊ, हे तुम्हाला पटणार नाही, पण फोटो आणि कागदाची दुसरी प्रत माझ्याकडं आहे.

पैशाचा शब्द त्या दिवशी निघाला नाही. रविवारी मात्र धाकटे भाऊजी जुन्या गोठ्याचे 12 लोखंडी अँगल सायकलवर घालून घेऊन आले आणि दोन दिवस मालकांबरोबर खड्डे काढत होते. काकींनी चार तलंगा पाठवल्या. मी हिशेब केला तर नुकसानीच्या निम्मंही होत नाही. तरी मी आता मागणार नाही. हा माझा निर्णय आहे, दुसऱ्या कुणाची भावकी नसेल तर त्यानं जरूर मागावं, कोर्टरोड भाऊंनी रस्ता सांगितलाय.

जाळी 35 बाय 20 फुटाची केली. 8,700 रुपये गेले, अँगलचे वाचले म्हणून एवढ्यात भागलं. बाहेरून आडवी वेल्डमेश, वर दगड, दाराखाली फरशी. वरचा फूटभर सैल सोडला तेव्हा गवंडी म्हणाला हे अर्धवट दिसतंय, मी म्हटलं असंच राहू दे. पुलाखालच्या पोत्यांचा विषय ग्रामसभेत निघालाय, दुकानदारानं खड्डा काढायचं कबूल केलंय. अजून काढलेला नाही, मी मागं लागले आहे.

जखमींपैकी आणखी एक गेली. तिसरी वाचली. तिच्या पाठीवर पिसं अजून नीट आलेली नाहीत, खुंट दिसतात, पण परवापासून अंडं द्यायला लागली. एकूण 13 गेल्या माझ्या. कुत्र्यांना लस नव्हती. आप्पांनी दोघांनाही तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन देऊन आणली, आणि माझ्याही सगळ्या सुया पूर्ण झाल्या.

पहाटे पाचला आता पलीकडून साखळीचा आवाज येतो. धार काढताना मी तो ऐकते आणि मगच म्हशीला आंबोण घालते.

काकूंच्या खुडकीखाली सरकवलेल्या 9 अंड्यांतली 5 निघाली. त्यातलं एक अगदी माझ्या त्या गेलेल्या खुडकीच्या रंगाचं आहे, कवडीसारखं, मानेवर काळा ठिपका. काकूंनी महिनाभर आईबरोबर राहू द्या म्हणून सांगितलं होतं, काल पाचही घरी आणली. याच काकूंच्या दुसऱ्या एका खुडूक कोंबडीखाली मी आता माझी स्वतःची अजून 11 ठेवलीत, आज एकोणिसावा दिवस.

दवाखान्यातले काका, ही नवीन निघाली की लासोटा (मानमोडीची लस) सातव्या दिवशी ना? डोळ्यात एक थेंब, की नाकातही चालतो? आमच्याकडं शंभर मात्रांचीच बाटली मिळते, फोडली की उरलेली ठेवता येत नाही म्हणतात. तसं असेल तर गल्लीतल्या सगळ्यांची पिल्लं एकाच दिवशी गोळा करते.